बिनपडद्याच्या गिटारीचा शोध

गिटार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सहा तारांचे वाद्य येते. त्याच कुळातले एक मोठे भावंड मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याला चार तारा असतात, मान लांब असते आणि आवाज इतका खाली असतो की तो कानापेक्षा छातीला आधी जाणवतो. हीच बेस गिटार. लग्नाच्या मांडवात गाणे चालू असताना तिच्याकडे कुणी पाहत नाही. ती मध्येच थांबली, तर मात्र गाणे एकदम पोकळ वाटू लागते. काय कमी झाले हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही, पण काहीतरी गेले हे त्याला नक्की कळते.

आम्ही दोघे भाऊ वाशीमला मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवतो. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पंपांच्या मोटारी सोडायच्या, तांब्याची नवी तार भरायची, वार्निश करून परत द्यायच्या, हा आमचा धंदा. गेल्या बारा वर्षांत या धंद्याच्या जोडीने आम्ही जुन्या बेस गिटारी गोळा केल्या. आज त्या अकरा आहेत. त्यातली एकही आम्ही नवी घेतलेली नाही. अकोला, अमरावती, हिंगोली, नांदेड, पुसद अशा गावांतल्या माळ्यांवरून, पलंगाखालून आणि दोन तर भंगारच्या दुकानांतून आमच्याकडे आल्या. ज्या एका गिटारीच्या शोधात आम्ही सर्वांत जास्त फिरलो, तिची गोष्ट आणि त्या निमित्ताने कळलेल्या बाकीच्या गोष्टी वाचकांसमोर ठेवाव्यात, म्हणून हा लेख.

वऱ्हाडात हे वाद्य आले कसे

पूर्वी खालच्या सुरांसाठी माणसाएवढे उंच डबल बेस वाजवत. ते उभे राहून वाजवायचे, आणि न्यायला गाडी लागायची. अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या कारागिराने १९५१ साली विजेवर चालणारी, गळ्यात अडकवता येणारी बेस बाजारात आणली. तिचे नाव प्रिसिजन, म्हणजे अचूक. नाव असे का, ते पुढे येईलच. दहा-पंधरा वर्षांत हे वाद्य जगभर गेले. आपल्याकडे ते आधी मुंबईच्या चित्रपटसंगीतात रुळले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ आणि बेस व स्टील गिटार दोन्ही वाजवणारे चरणजित सिंग ही नावे जुन्या वादकांच्या तोंडी आजही आहेत. अलीकडच्या काळात ए. आर. रहमान यांच्या अनेक गाण्यांत चेन्नईच्या कीथ पीटर्स यांची बेस ऐकू येते, आणि मुंबईच्या मोहिनी डे या तरुण वादक मुलीने तर या वाद्यावर जगभर नाव कमावले आहे.

मुंबईत जे वाजले ते वऱ्हाडात ऑर्केस्ट्राने आणले. सत्तर-ऐंशीच्या दशकात जिल्ह्याच्या गावांतून ऑर्केस्ट्रा पार्ट्या उभ्या राहिल्या. गणेशोत्सव, लग्ने, शाळांची स्नेहसंमेलने, शंकरपट आटोपल्यावरची रात्र, असे कुठेही त्यांचे कार्यक्रम असत. गाणारे दोन-तीन, अकॉर्डियन किंवा ऑर्गन, ढोलक, तबला, कोंगो, एक गिटार आणि एक बेस. यात आपल्या समाजाचे वादक पुष्कळ होते. दिवसा वेल्डिंग, शिलाई, रंगकाम किंवा बँडपार्टी आणि रात्री ऑर्केस्ट्रा, असे त्यांचे आयुष्य. मंगरूळपीरला हजरत दादा हयात कलंदर यांच्या उरुसात कव्वालीला हार्मोनियम, ढोलक आणि बेंजो साथ करत. तिथे बेस नसे. पण बेंजो वाजवणाराच पुढे ऑर्केस्ट्रात बेस धरायचा, असे दोन-तीन घरांत आम्हाला ऐकायला मिळाले.

मग कीबोर्ड आला. त्याच्या डाव्या हाताच्या पट्ट्यांवर बेसचा आवाज निघू लागला. पाठोपाठ रेकॉर्ड केलेले ट्रॅक आले आणि शेवटी डीजे. एका माणसाची मजुरी वाचली. बेस गिटार कापडात गुंडाळून माळ्यावर गेली. वादक पुन्हा पूर्णवेळ वेल्डर झाला. कुणी सौदीला गेला, कुणी पुण्याला. ज्यांच्याकडे त्या काळातली वाद्ये होती, त्यातले बरेच आता या जगात नाहीत, आणि घरच्यांना ते जड लाकूड कशाचे हे ठाऊक नाही.

आमच्या हाताला जमणारे काम

आम्ही स्वतः मोठे वादक नाही. या छंदात आम्ही शिरलो ते दुरुस्तीच्या वाटेने. विजेच्या गिटारीत तारांखाली एक छोटी डबी असते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेढ्यांत अगदी बारीक वीज उमटते, आणि तीच अँपमधून मोठी होऊन आवाज बनते. म्हणजे पंपाच्या मोटारीत वीज घालून हालचाल काढायची आणि इथे हालचालीतून वीज काढायची, एवढाच फरक. आमच्या दुकानातली सर्वांत बारीक तारसुद्धा या कामाला जाड पडते. पिकअपची तार साधारण ०.०६ मिलिमीटरची, केसाइतकी. शिंक आली तरी तुटते. अशी मेलेली सात पिकअप आम्ही पुन्हा भरली आहेत. दुपारी काम नसले की पंखा बंद करून हे काम करायचे, कारण पंख्याच्या वाऱ्यानेही तार सुटते.

लाकडाचा त्रास वेगळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि हवा कोरडी होते. लाकूड आकसते, पण त्यात ठोकलेली धातूची पट्टी आकसत नाही. त्यामुळे पट्ट्यांची टोके मानेच्या कडेने बाहेर येतात आणि हात फिरवला की बोट कापते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते आणि मान वाकते. आमच्या अकराही गिटारी पत्र्याच्या खोलीतून आम्ही आतल्या खोलीत आणल्या, तेव्हापासून हा त्रास निम्मा झाला.

पडदे कशासाठी

गिटारीच्या मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात. इंग्रजीत त्यांना फ्रेट म्हणतात, आपल्याकडे सतारीवरून आलेला शब्द आहे पडदा. बोट पडद्याच्या मागे कुठेही दाबले तरी तार पडद्यावरच टेकते आणि सूर बरोबर लागतो. फेंडरने आपल्या गिटारीला अचूक हे नाव दिले ते यासाठीच. पडदे नसलेल्या डबल बेसवर सूर शोधावा लागे, इथे तो आयता मिळू लागला.

हे पडदे बसवण्याचे एक साधे गणित आहे. बेस गिटारीची तार बहुधा ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर असते. तिला १७.८१७ ने भागले की ४८.५ मिलिमीटर येतात, तिथे पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचे, की दुसऱ्याची जागा मिळते, पहिल्यापासून ४५.८ मिलिमीटर पुढे. असे करत गेले की बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो आणि तिथे सूर दुप्पट उंच होतो. सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते, मध्यावर दाबली की ८२ वेळा. आमच्या नववीतल्या पुतणीने हे गणित वहीत मांडून एका मोडक्या मानेवर पडद्यांच्या खुणा करून दाखवल्या. तिला भूमितीची गोडी तिथून लागली.

आता हेच पडदे काढून टाकले तर? सूर चुकण्याचा धोका वाढतो. बोट एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की बेसूर. पण त्याच्या बदल्यात एक गोष्ट मिळते. एका सुरावरून दुसऱ्यावर पायरीपायरीने न जाता घसरत जाता येते. आपण तिला मींड म्हणतो. तार धातूऐवजी लाकडावर टेकते, त्यामुळे आवाजाला गळ्यासारखा गोलवा येतो.

ही कल्पना पाश्चात्त्यांना नवी वाटली तरी आपल्याला नवी नाही. आज अरब देशांत वाजते ते ऊद बिनपडद्याचेच आहे. ऊद म्हणजे लाकूड. अल-ऊद या शब्दावरूनच युरोपातल्या ल्यूट वाद्याचे नाव आले. नवव्या शतकात बगदादहून कुर्तुब्याला गेलेल्या झिरयाबने उदाला पाचवी तार जोडली असे सांगतात, आणि दहाव्या शतकात अल-फाराबीने संगीतशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. २०२२ मध्ये युनेस्कोने ऊद घडवण्याच्या आणि वाजवण्याच्या कलेची नोंद इराण आणि सीरियाच्या नावे आपल्या वारशाच्या यादीत केली. आपल्या देशात रबाबापासून सरोद घडले. त्याच्या मानेवर लाकडाऐवजी गुळगुळीत धातूचा पत्रा असतो आणि पडदा एकही नसतो. मींडेसाठीच ती रचना.

महाराष्ट्रात वाद्य घडवण्याचा विषय निघाला की मिरजेचे नाव घ्यावेच लागते. तिथले शिकलगार म्हणजे मूळचे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. राजेरजवाड्यांच्या लढाया संपल्या, तलवारींचे काम उरले नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब यांनी तंतुवाद्ये दुरुस्त करायला आणि मग घडवायला सुरुवात केली. पंढरपूरकडचे भोपळे, हाताने कोरलेले लाकूड आणि पिढ्यांचा कान यांवर मिरजेची सतार आणि तंबोरा देशभर गेले. पुढे हे घराणे सतारमेकर म्हणूनच ओळखले जाऊ लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. धंदा बुडाला म्हणून हात रिकामे न ठेवता त्याच हातांना दुसरे काम शिकवायचे, हा धडा रिवाइंडिंगवाल्यांनाही उपयोगी आहे.

ज्या गिटारी जग शोधते

बिनपडद्याच्या बेसची गोष्ट गरिबीतून सुरू होते. इंग्लंडमध्ये १९६१ साली बिल वायमन या तरुणाने एक स्वस्त, जुनी बेस घेतली. तिचे पडदे झिजलेले होते. नवे बसवण्यासाठी त्याने जुने उपटले, तर आवाज इतका आवडला की नवे बसवलेच नाहीत. १९६६ साली अमेरिकेच्या अँपेग कंपनीने एयूबी-१ नावाची बिनपडद्याची बेस विकायला काढली. कारखान्यातून निघालेली ती पहिली. तिची मान टोकाला व्हायोलिनसारखी वळलेली आणि पोटात आरपार कोरलेल्या खाचा. फार थोड्या बनल्या, म्हणून संग्राहक आज तिच्यासाठी जीव टाकतात. फेंडरने १९७० मध्ये आपल्या प्रिसिजनचे बिनपडद्याचे रूप काढले. नंतर फ्लोरिडाच्या जॅको पास्टोरियसने १९६२ सालच्या फेंडर जॅझ बेसचे पडदे काढून, फटी भरून, वर नावेला लावतात तो इपॉक्सीचा थर दिला आणि १९७६ च्या आपल्या पहिल्या अल्बमने जगाला थक्क केले. ती गिटार १९८६ मध्ये चोरीला गेली. पुढच्या वर्षी तो वारला. गिटार सापडली ती सुमारे वीस वर्षांनी.

हरवलेली वाद्ये सापडतात, याचे आणखी मोठे उदाहरण पॉल मॅकार्टनीचे. १९६१ मध्ये जर्मनीत घेतलेली त्याची व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेली. काही चिकाटीच्या लोकांनी शोधमोहीम चालवली, लोकांना आवाहन केले, आणि ती एका साध्या घराच्या माळ्यावर निघाली. २०२४ च्या फेब्रुवारीत ती परत मिळाल्याची बातमी जाहीर झाली. इतक्या वर्षांनी ती माळ्यावरच्या अंधारात सापडावी, यात आम्हाला काहीच नवल वाटले नाही. आमच्या अकरापैकी सहा माळ्यावरूनच आल्या आहेत.

आमचा शोध

अँपेग वाशीमला मिळणार नाही, हे आम्हाला कळते. आमची इच्छा साधी होती. ऐंशीच्या दशकापूर्वी कारखान्यातूनच बिनपडद्याची निघालेली आणि विदर्भाच्या स्टेजवर वाजलेली एक तरी बेस पाहायला मिळावी. अशी गिटार आपल्या भागात दुर्मिळ असण्याला कारण आहे. ऑर्केस्ट्राच्या वादकाला एकच वाद्य परवडायचे आणि त्यावर रात्रभर तीस गाणी वाजवायची असत. अंधुक उजेडात, घाईत, सूर चुकून चालत नसे. त्यामुळे बिनपडद्याची गिटार कुणी घेत नसे.

तरीही एक बातमी आमच्या कानावर वारंवार येत होती. अकोल्याच्या एका म्हाताऱ्या ढोलकवाल्यांनी सांगितले, नांदेडच्या एका साउंडवाल्याने सांगितले, पुसदच्या एका लग्नात तिसऱ्यानेही सांगितले, की आमच्याच भागातल्या एका ऑर्केस्ट्रात गुळगुळीत मानेची बेस होती. वाजवणारे मरहूम होऊन वर्षे झाली होती. कुणी म्हणे भाऊ कुवेतहून घेऊन आला होता, कुणी म्हणे मुंबईहून. दोन वर्षे आम्ही त्या घराचा पत्ता विचारत होतो. शेवटी तो एका बँडपार्टीच्या मालकाकडून मिळाला.

घरात त्यांच्या पत्नी होत्या, सत्तरीच्या. आम्ही त्यांना खाला म्हणू लागलो. थोरली मुलगी, तिचा मुलगा आणि त्या, असे तिघे. गिटार कपाटावर, जुन्या चादरीत. खालांच्या नातवाने मोबाईलवर शोधून ठेवले होते की अशा जुन्या बिनपडद्याच्या गिटारीला तीन लाख मिळतात. त्यावर घरात हिशोबही झाला होता. एक लाख छपरासाठी, बाकी नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला. बोलताना खालांचा चेहरा उजळलेला होता.

आम्ही गिटार उन्हात धरून पाहिली. वाचकांच्या उपयोगासाठी, आम्ही काय पाहिले ते सांगतो. पहिली खूण मानेची कड. पडदे नंतर काढले असतील तर आडव्या खाचा कडेपर्यंत आलेल्या दिसतात. काही कंपन्या मुद्दाम रेषा दाखवतात, म्हणून एवढ्यावर थांबायचे नाही. दुसरी खूण मानेच्या बाजूचे ठिपके. पडद्यांच्या गिटारीवर ते दोन पडद्यांच्या मध्ये असतात, बिनपडद्याच्या गिटारीवर बहुधा बरोबर सुराच्या रेषेवर. तिसरी खूण तारांची वरची घोडी. तिच्या खाचा मूळच्या बिनपडद्याच्या गिटारीत खूप खाली कापलेल्या असतात. चौथी खूण आत असते. आवाज कमीजास्त करायच्या कळीच्या मागे छापलेला आकडा. अमेरिकन वाद्यांत तो १३७ किंवा ३०४ ने सुरू होत असेल तर ते बनवणाऱ्याचे चिन्ह असते, आणि पुढच्या आकड्यांत वर्ष व आठवडा असतो.

या गिटारीच्या आत असा आकडा नव्हता, ती जपानी होती. ठिपके दोन रेषांच्या मध्ये होते. मानेवरच्या आडव्या खाचा काळसर लाकडाच्या पातळ चिपांनी भरलेल्या, वरून घासून लाखेने चकचकीत केलेल्या. काम इतके सफाईचे की लांबून दिसत नव्हते, पण हाताला कळत होते. ही कारखान्याची बिनपडद्याची गिटार नव्हती. साध्या जपानी बेसचे पडदे कुणीतरी घरी काढले होते. बाजारात तिची किंमत तीन लाख नव्हे, पंधरा-वीस हजार.

हे खालांना कसे सांगायचे, हा प्रश्न आमच्यापुढे होता. माल घेणाऱ्याने मालाला नावे ठेवायची, ही बाजाराची रीत, आणि आम्ही घ्यायला आलेले. आमच्या बोलण्यावर विश्वास का ठेवावा? मोठ्या भावाने गिटार खालांच्या मांडीवर ठेवली, त्यांचे बोट धरून त्या चिपांवरून फिरवले आणि एकेक खूण समजावली. मग म्हणाला, "खाला, आम्ही अठरा हजारांपर्यंत देऊ शकतो. पण आज देणार नाही. तुम्ही नागपूरला, मुंबईला फोटो पाठवा, दुसऱ्या कुणाला दाखवा. त्यांनी जास्त सांगितले तर त्यांना द्या. आमच्या बोलण्यावर विसंबू नका."

नातू नाराज झाला. "तुम्ही भाव पाडताय," असे तो तोंडावर म्हणाला. आम्ही त्याला दोष दिला नाही. खाला मात्र वेगळेच विचारू लागल्या. "म्हणजे हे त्यांनी स्वतः केलं?" मग थोरल्या मुलीला आठवले. ती तेव्हा लहान होती. अब्बा रेडिओवर सरोद ऐकत आणि म्हणत, हा आवाज माझ्या बाजात का नाही? एका रात्री त्यांनी सोल्डरच्या सळीने एकेक पडदा तापवला आणि पकडीने उपटला. अम्मीच्या माहेरच्या शिसवी पलंगाचा मोडलेला पाय होता, त्याच्या चिपा काढल्या. पलंगाच्या पायावरून त्या दोघांचे भांडण झाल्याचेही तिला आठवले. खाला हसल्या आणि म्हणाल्या, "पाय गेला कुठे, मला आज कळलं."

आम्ही मोडके नसलेले बरेच काम पाहिले आहे, पण असे क्वचितच. पडदा तापवून काढला की लाकूड तडकत नाही, हे कारखान्यातले कारागीर जाणतात. शिसवीच्या मानेवर शिसवीचीच चीप लावावी, म्हणजे दोन्ही लाकडे ऊन-पावसात सारखी हलतात, हेही. आपल्या दख्खनच्या शिसवीला जगभरच्या गिटारी बनवणाऱ्यांकडे मागणी आहे, आणि इथे एका वऱ्हाडी वादकाने पलंगाच्या पायात तिची किंमत ओळखली होती. त्यांना कुणी शिकवले नव्हते.

पावणेदोन महिन्यांनी नातवाचा फोन आला. त्याने तीन ठिकाणी विचारले होते. सर्वांत मोठा भाव सोळा हजारांचा मिळाला होता. आम्ही अठराच दिले, चिठ्ठी लिहिली, दोन शेजारी साक्षीला घेतले. छपराचे काम त्यात झाले नाही, नातीच्या पहिल्या फीला मात्र हातभार लागला. मरहुमांचे नाव लेखात नको असे घरच्यांनी सांगितले, म्हणून ते इथे नाही. गिटारीच्या पेटीत मात्र ते, त्यांच्या गावासह, आम्ही लिहून ठेवले आहे.

घरातल्या गोष्टी

हा लेख घराघरांत वाचला जाणार, तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. वाद्यांबद्दल आपल्या आलिमांमध्ये मतभेद आहेत आणि आमच्या घरातही सगळ्यांचे मत एक नाही. अम्मींना हा छंद पसंत नाही. म्हणून आम्ही काही नियम पाळतो. घरखर्चाच्या पैशाला हात लावायचा नाही, छंदाचे खाते वेगळे. अजान ते नमाज संपेपर्यंत आणि इशानंतर अँप बंद. अम्मींच्या खोलीत वाद्य न्यायचे नाही. बारा वर्षांत या नियमांवरून भांडण झालेले नाही.

जकातीचाही प्रश्न आला. आम्ही आमच्या मौलाना साहेबांना विचारले. वापरासाठी ठेवलेल्या वस्तूंवर जकात नाही, पण नफ्याने विकण्याच्या इराद्याने घेतलेल्या मालावर आहे, असे त्यांनी सांगितले. आम्ही दोन गिटारी विकायच्या म्हणून घेतल्या होत्या, त्यांची किंमत दरवर्षी दुकानाच्या मालात धरतो. ज्यांच्या घरी नाणी, घड्याळे, जुनी भांडी यांचा छंद आहे त्यांनीही आपापल्या आलिमांकडून हे विचारून घ्यावे.

माळ्यावर चढण्यापूर्वी

कारखान्यातून निघालेली बिनपडद्याची जुनी बेस आम्हाला अजून मिळालेली नाही. शोध चालू आहे, पण पूर्वीची घाई उरली नाही. एका पलंगाच्या पायाने आम्हाला शिकवले की मॉडेलच्या नावापलीकडेही दुर्मिळ काही असते.

वाचकहो, तुमच्या घरी कुणी ऑर्केस्ट्रात, बँडपार्टीत किंवा कव्वालीत वाजवत असेल, तर त्यांचे वाद्य भंगारवाल्याला देण्यापूर्वी एवढे करा. त्याला पत्र्याखालच्या माळ्यावरून काढून घराच्या आतल्या भिंतीला ठेवा, बाहेरच्या नाही. तारा थोड्या सैल करा, अगदी काढून टाकू नका. ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्याने पुसा. पेटीत चप्पल-बुटाच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. कुणी मोठी किंमत सांगितली किंवा कुणी अगदी कमी, दोन्ही वेळा आणखी दोघांना विचारा.

आणि ज्यांनी ते वाजवले ते अजून हयात असतील, तर पैशांच्या आधी त्यांच्याशी बोला. पहिला कार्यक्रम कुठे झाला, बिदागी किती मिळाली, सोबत कोण होते, वाद्यात स्वतः काय बदल केले, हे वहीत लिहून ठेवा. खालांच्या घरी हे सांगायला थोरली मुलगी होती. तिला ती रात्र आठवली नसती, तर आमच्या दृष्टीने ती फक्त पडदे उपटलेली एक जपानी गिटार राहिली असती.